मॅन्युअल मोडवर रस्त्यावरचे फोटो पुन्हा पुन्हा बिघडतात, तेव्हा दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो), आयएसओ (सेन्सर त्या प्रकाशाला किती दाद देतो) ही तिन्ही प्रकरणं समजलेली आहेत. खिडकीशी ठेवलेल्या फुलदाणीचा फोटो मॅन्युअलवर नेटका येतो. पण कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरलं की एक फोटो काळा, पुढचा पांढरा फटक, तिसऱ्यात माणूस हललेला आणि चौथ्यात माणसाऐवजी मागची भिंत फोकसमध्ये. मग वैतागून ऑटोवर जायचं, काही दिवसांनी उमेद धरून पुन्हा मॅन्युअल लावायचं, आणि पुन्हा तेच.

फुलदाणी जागची हलत नाही. रस्त्यावरचा माणूस दोन-तीन सेकंदांत फ्रेम ओलांडून जातो. तेवढ्या वेळात कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर वाचायचा, डायल फिरवायची, फोकस लावायचा आणि शिवाय फ्रेमही जुळवायची, हे मुरलेल्या माणसालाही होत नाही. प्रकाशाला मात्र अशी घाई नसते. ढगांची ये-जा नसेल तर रस्त्याच्या एका बाजूचं ऊन बराच वेळ तसंच राहतं, सावलीही तशीच. म्हणून सेटिंग प्रकाश बघून लावायचं, आणि माणूस येण्याच्या आधी. वारंवार बिघडणाऱ्या फोटोंपैकी बहुतेकांचं मूळ हा क्रम उलटा होण्यात असतं. उरलेल्यांचं मूळ कॅमेऱ्याच्या मेनूत दडलेल्या एखाद्या पर्यायात असतं, आणि ते जास्त छळतं, कारण तिथे आपलं काही चुकलंय असं वाटतच नाही.

आधी रोग ओळखा

बिघडलेले फोटो लगेच पुसून टाकू नका. संगणकावर १०० टक्के मोठे करून बघा. फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे कळत नाही. प्रत्येक फोटोसोबत शटर, ॲपर्चर, आयएसओ आणि लेन्सची फोकल लेन्थ (ती किती मिमीची आहे) यांची नोंद असते, ती शेजारी उघडून ठेवा.

'फोटो धूसर आला' या एका वाक्यात तीन वेगळे रोग लपलेले असतात. इमारती, खांब, पाट्या, सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल आणि दिव्याच्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या असतील, तर तुमचा हात हलला. भिंत स्वच्छ आहे पण माणूस पुसट, त्यातही पावलं आणि हात जास्त पुसट, तर माणूस हलला आणि शटर अपुरं पडलं. आणि फ्रेममध्ये कुठेतरी एक पट्टा लख्ख आहे, माणसाच्या मागची फरशी किंवा पुढचा कठडा, तर गडबड फोकसची आहे. तिसऱ्या रोगावर पहिल्या दोहोंचं औषध करत बसणारे खूप आहेत. शटर १/१००० वर नेऊनही फोटो सुधारत नाही, मग लेन्सलाच दोष.

सगळा फोटो एकसारखा मऊ, धुरकट दिसत असेल आणि असा फोटो एखादाच नसून सगळेच तसे असतील, तर काही बदलण्याआधी लेन्सची काच पुसा. बोटाचा ठसा हा फार सामान्य प्रकार आहे.

एक काळा, एक पांढरा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबू.

कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या छटेचं आहे असं गृहीत धरून तो काटा हलवतो. पांढरा सदरा घातलेला माणूस जवळ आला की काटा म्हणतो उजेड फार झाला. काळी छत्री आली की म्हणतो कमी पडला. तुम्ही प्रत्येक वेळी इमानेइतबारे काटा शून्यावर आणता. परिणामी ऊन तेच असूनही पांढरा सदरा राखाडी पडतो आणि काळी छत्रीही राखाडीच होते, तिच्यामागचा रस्ता मात्र फटफटीत. हे म्हणजे ऑटो मोडचीच चूक हाताने, आणि ऑटोपेक्षा सावकाश करणं झालं.

उपाय असा. जागेवर पोचलात की मीटर एकदाच वाचा आणि तो तळहातावरून वाचा. ज्या प्रकाशात माणसं चालणार आहेत त्याच प्रकाशात तळहात धरा, फ्रेम तळहाताने भरून टाका (फोकस नसला तरी चालतो) आणि काटा शून्यावर न आणता एक स्टॉप वर, म्हणजे +१ वर ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, आणि चेहऱ्याच्या रंगात माणसामाणसांत जितका फरक असतो तितका तळहातात नसतो. एक चाचणीचा फोटो काढा, हिस्टोग्रॅम बघा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख. उजवीकडच्या भिंतीला आलेख चिकटून वर चढत नसेल तर काम झालं. आता त्या प्रकाशात आहात तोवर काट्याकडे बघायचंच नाही. पांढरा सदरा येवो, काळी छत्री येवो, काटा नाचत राहील. नाचू द्या.

तळहाताचं माप बरोबर आलं का हे ताडून बघायला फिल्मच्या काळातला एक हिशेब अजून चोख चालतो. स्वच्छ उन्हात, सावल्या काठ धरून पडत असताना, एफ/१६ ला शटरचा आकडा आयएसओइतका. आयएसओ ८०० असेल तर एफ/१६ ला १/८००. म्हणजेच एफ/११ ला १/१६०० आणि एफ/८ ला १/३२००. पातळ ढग येऊन सावल्यांचे काठ मऊ झाले की प्रकाश एक स्टॉप कमी, म्हणजे शटर तेवढंच सावकाश; सावल्या दिसेनाशा झाल्या की दोन स्टॉप, आभाळ गच्च भरून आलं की तीन. इमारतीची सावली असून वर आकाश मोकळं असेल तर उन्हापेक्षा तीन ते चार स्टॉप कमी. सूर्य क्षितिजाजवळ असताना हा हिशेब लागू पडत नाही, आणि छताखालच्या जागांनाही नाही. तिथे मोजावंच लागतं.

यातून सुरुवातीसाठी एक सोयीची मांडणी निघते. ॲपर्चर एफ/८ आणि आयएसओ ८०० वर कायम ठेवा आणि फक्त शटरची डायल हलवा. उन्हात १/३२००, ढगाळ हवेत १/८००, सावलीत १/४०० ते १/२००. बहुतेक कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० पर्यंत जातं, त्यामुळे ऊनही यात बसतं, आणि सावलीतलं शटरसुद्धा चालत्या माणसाला बहुतेक वेळा निभेल इतकं राहतं. डायलचा एक खटका बहुधा एक तृतीयांश स्टॉपचा असतो. उन्हातून सावलीत जाताना तीन स्टॉप म्हणजे नऊ खटके. कोपऱ्यावर वळतानाच, कॅमेरा छातीशी असताना, अंगठ्याने नऊ खटके मोजायचे. पलीकडे काय दिसतंय ते नंतर. कोपरा वळला, प्रकाश बदलला, सेटिंग बदललं, एवढी सवय बोटांना लागली की निम्मं दुखणं गेलं.

भर उन्हात आयएसओ ८०० हे ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांच्यासाठी: आयएसओ १०० चा आग्रह ट्रायपॉडवर लँडस्केप काढणाऱ्यांना शोभतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत ८०० चा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, छापील फोटोत शोधूनही नीट सापडत नाही. हललेला चेहरा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. रस्त्यावर नॉइजची भीती बाळगणं हे मला तरी सर्वांत महाग पडणारं खूळ वाटतं.

अर्धा रस्ता उन्हात आणि अर्धा सावलीत असेल तर माप उन्हाचं घ्या आणि सावली काळी पडू द्या. डिजिटल सेन्सरवर उजळ भाग एकदा पूर्ण उडाला की रॉ फाइलमध्येही (सेन्सरची कच्ची नोंद) तिथे काही उरत नाही. काळा भाग दोन स्टॉप सहज उचलता येतो. फिल्मवर काढणाऱ्यांनी हे उलटं वाचावं. निगेटिव्हला जास्त प्रकाश बऱ्यापैकी पचतो, कमी पडलेला सावलीचा तपशील परत मिळत नाही.

सेटिंग बरोबर, तरीही फोटो चुकतो

इथून पुढे मेनूतल्या कुरापती.

व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं छान उजळ दिसतं आणि फोटो काळा येतो? मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात एक्स्पोजरचा (लावलेल्या सेटिंगने फोटोला मिळणाऱ्या उजेडाचा) परिणाम व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवायचा की नाही हे ठरवणारा पर्याय असतो. कॅननमध्ये तो एक्स्पोजर सिम्युलेशन नावाने, सोनीमध्ये सेटिंग इफेक्ट नावाने, फुजीमध्ये मॅन्युअल मोडमधल्या प्रिव्ह्यूच्या नावाने सापडतो. तो बंद असला की तुम्ही काहीही लावा, चित्र उजळच दिसत राहतं. स्टुडिओत फ्लॅशसाठी तो बंद करावा लागतो आणि परत चालू करायचं राहून जातं. डीएसएलआरच्या आरशातून दिसणाऱ्या व्ह्यूफाइंडरमध्ये तर हा प्रश्नच नाही. तिथे एक्स्पोजर दिसत नसतंच.

मागच्या पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होत असेल तर तो पर्याय बंद करून उजेड मधोमध ठेवा. रात्री चमकदार पडद्यावर काळपट फोटोही ठीक दिसतो, दुपारी उन्हात ठीक फोटोही काळा दिसतो. भरवसा हिस्टोग्रॅमवर ठेवा, शिवाय उडालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू ठेवा.

शटर बदललं, ॲपर्चर बदललं, तरी फोटोचा उजेड जसाच्या तसा राहतो. मॅन्युअल मोड बिघडला असं वाटायला लावणारा हा प्रकार. ऑटो आयएसओ चालू राहिलेला असतो. तुम्ही शटरने कमी केलेला उजेड तो आयएसओ वाढवून भरून काढतो. याच्या उलट, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची डायल कितीही फिरवली तरी फोटोत फरक पडत नाही, तेव्हा समजायचं की ऑटो आयएसओ बंद आहे. पूर्ण मॅन्युअलमध्ये कॅमेऱ्याने ठरवायचं असं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे ती डायल कशाचीही भरपाई करू शकत नाही. काही कॅमेऱ्यांत ती मीटरचा शून्य तेवढा सरकवते आणि गोंधळ वाढवते. ती शून्यावर आहे ना, हे बाहेर पडण्याआधी बघून घ्या.

आणखी एक. पार्श्वभूमी विरघळवायच्या मोहाने उन्हात एफ/२ लावलं तर आयएसओ १०० लाही शटर १/६४०० च्या आसपास लागतं. तुमचं यांत्रिक शटर १/४००० ला थांबत असेल तर फोटो पांढराच येणार, डायल पुढे जाणारच नाही. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावा, इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, किंवा मोह सोडा. रस्त्याच्या फोटोत मागचा रस्ता दिसावा असं माझं मत आहे, म्हणून मी तिसरा पर्याय सुचवीन. इलेक्ट्रॉनिक शटरवर धावती वाहनं आणि झपाट्याने जाणारी माणसं तिरपी येतात, तेही लक्षात असू द्या.

हललेला माणूस

'१/१२५ ला हलत नाही' असं कुठेतरी वाचलेलं असतं. ते उभ्या माणसाबद्दल असतं. थोडा हिशेब करू. साधी चाल सेकंदाला सुमारे १.४ मीटर. १/१२५ सेकंदात माणूस ११ मिलिमीटर सरकतो. फुल फ्रेम कॅमेरा (३६ x २४ मिमी सेन्सरचा), २८ मिमी लेन्स आणि तीन मीटर अंतर धरलं तर फ्रेमची रुंदी ३.९ मीटरच्या आसपास भरते. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ते ११ मिलिमीटर १७ पिक्सेल होतात. चेहरा पुसट दिसायला हे पुरेसं आहे. १/५०० ला हाच आकडा चारवर येतो. शिवाय ही धडाची गती झाली. पुढे पडणारं पाऊल त्या क्षणी धडाच्या जवळजवळ तिप्पट वेगात असतं, म्हणून फोटोत बूट आधी पुसट होतात.

म्हणजे आडव्या जाणाऱ्या माणसाला १/५०० धरा, जमत नसेल तर १/२५० च्या खाली उतरू नका. सरळ तुमच्याकडे येणारा माणूस फ्रेममध्ये तितका सरकत नाही, तिथे १/२५० पुरतं. सायकल, धावणारं मूल, रस्ता ओलांडताना पळणारी माणसं यांना १/१०००. माणूस जितका जवळ आणि लेन्स जितकी लांब, तितकं शटर वाढवा.

स्टॅबिलायझेशन इथे उपयोगाचं नाही. ते तुमच्या हाताचं कंपन सांभाळतं, समोरच्याची चाल नाही. १/३० ला भिंत काचेसारखी स्वच्छ आणि माणूस भुतासारखा, असा फोटो आला तर तो स्टॅबिलायझेशनचा फोटो. तुमच्या हातासाठी मात्र फोकल लेन्थचा जुना नियम कामाचा आहे: ५० मिमी लेन्सला किमान १/५०. फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर फोकल लेन्थ आधी त्याच्या क्रॉपच्या पटीने गुणा. आणि जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर दुप्पट शटर धरलेलं बरं. चालता चालता फोटो काढत असाल तर हा नियम विसरा. १/५०० च्या वर राहा.

फोकस मागच्या भिंतीवर

मॅन्युअल मोड म्हणजे मॅन्युअल फोकस नव्हे. एक्स्पोजर हाताने आणि फोकस कॅमेऱ्याने, ही अगदी सरळ जोडी आहे, त्यात कमीपणा काही नाही. ऑटोफोकस सारखा पार्श्वभूमीवर जात असेल तर सगळ्या फ्रेमभर फोकस शोधण्याचा पर्याय सोडून एकच बिंदू किंवा लहान चौकोन निवडा. चेहरा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. गर्दीत मात्र ती भलत्याच चेहऱ्यावर जाऊन बसते.

हे करूनही क्षण हुकत असेल तर अंतर आधीच लावून ठेवायची पद्धत शिकून घ्या. अमेरिकेत १९३० आणि १९४० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री गुन्ह्यांचे आणि अपघातांचे फोटो काढणारा आर्थर फेलिग, ज्याला लोक वीजी म्हणत, तो आपला कॅमेरा एफ/१६, १/२०० आणि दहा फूट अंतरावर कायम लावून ठेवत असे, उजेडाला फ्लॅशचा बल्ब. त्याला ठरवायचं एवढंच असे की समोरचं दहा फुटांवर आहे का.

दिवसा यासाठी फ्लॅश लागत नाही. फुल फ्रेमवर ३५ मिमी लेन्स, एफ/८, फोकस २.५ मीटरवर: साधारण १.७ ते ४.९ मीटरपर्यंतचं सगळं फोकसमध्ये मानता येतं. २८ मिमी असेल तर त्याच अंतरावर १.४ ते १० मीटर. हीच ३५ मिमी एफ/२ वर उघडलीत तर २.२ ते २.८५ मीटर, म्हणजे जेमतेम एक पाऊल. रात्री हीच पद्धत का फसते त्याचं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. एपीएससी या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर २३ मिमी लेन्स ३५ मिमीइतकंच दृश्य घेते, पण एफ/८ ला २.५ मीटरवर तिचा टापू १.४ ते १० मीटर असा मोठा मिळतो.

हे आकडे जरा उदार आहेत, हेही सांगून ठेवतो. मध्यम आकाराच्या छापील फोटोत जे टोकदार दिसतं, ते गृहीत धरून अशी कोष्टकं केली जातात. पडद्यावर १०० टक्के मोठं केलं की टापूचे दोन्ही काठ मऊ दिसतात. लावा एफ/८, पण भरवसा एफ/५.६ च्या टापूवर ठेवा. ३५ मिमीला तो १.९ ते ३.८ मीटर येतो.

आता अंतर ओळखायचं कसं? पावलं मोजून जमतं, पण व्ह्यूफाइंडरमधूनही कळतं. ३५ मिमी लेन्सने कॅमेरा आडवा धरलात आणि उभा प्रौढ माणूस डोक्यापासून पायांपर्यंत फ्रेममध्ये जेमतेम मावला, की तो अडीच मीटरवर आहे. २८ मिमीला दोन मीटर, ५० मिमीला साडेतीन. लहान सेन्सरवर सारख्याच दृश्याची लेन्स असेल तर आकडे तेच. एक लेन्स आणि एक अंतर धरून काही दिवस काढले की माणूस टापूत शिरला हे डोळ्यांना आपसूक कळायला लागतं. झूम लेन्सवर ही नजर तयार होत नाही, कारण चौकट दर वेळी बदलते. झूमच असेल तर ती ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावा. दिसायला वाईट, पण काम करते.

एक खोच. बऱ्याच आधुनिक लेन्सची फोकस रिंग लेन्सच्या आतल्या मोटरला नुसता इशारा देते, काचांना थेट हलवत नाही. अशा काही लेन्सवर कॅमेरा झोपला किंवा बंद झाला की लावून ठेवलेलं अंतर हरवतं. सकाळी २.५ मीटर लावलं, दुपारपर्यंत सगळे फोटो मऊ, असं होत असेल तर इथे बघा. अंतर लक्षात ठेवण्याचा पर्याय मेनूत आहे का ते शोधा. नसेल तर कॅमेरा जागा झाल्यावर व्ह्यूफाइंडरमधली अंतराची पट्टी बघायची सवय लावा.

पहिलाच फोटो हुकतो

कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, काही झालं नाही. कॅमेरा जागा होईपर्यंत माणूस गेला. झोपेची वेळ मेनूतून वाढवा, जास्तीची बॅटरी जवळ ठेवा, आणि कॅमेरा वर उचलता उचलताच शटरचं बटण अर्धं दाबा म्हणजे डोळ्याजवळ येईपर्यंत तो जागा झालेला असतो. पिशवीतून काढताना डायली फिरतात, त्यांना कुलूप असेल तर लावा. ऊन आणि सावली अशा दोन मांडण्या कॅमेऱ्याच्या स्मृतीत साठवता येत असतील तर उत्तमच. मोड डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ अशा खुणा असतात. त्यावर गेलं की सगळं ठरल्या जागी परत येतं, कोणी काय फिरवलंय याची चिंता उरत नाही.

रात्र

दिवसाची मांडणी इथे चालत नाही. दुकानांच्या उजेडातल्या रस्त्यावर एफ/२, आयएसओ ३२००, शटर १/२५० इथून सुरुवात करा आणि दिव्याजवळ-दिव्यापासून दूर असं शटर हलवा. काळं आकाश बघून मीटर उजेड वाढवायला सांगतो. त्याचं ऐकलं तर रात्र संध्याकाळसारखी दिसते. काटा शून्याच्या एक-दीड स्टॉप खाली असणं इथे नेहमीचं आहे. दिवे स्वतः पांढरे उडणारच, चेहरा सांभाळा.

फोटोत आडवे काळे-पिवळसर पट्टे येत असतील तर ते दिव्यांच्या लुकलुकण्याने. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेचसे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून प्रत्येक ओळीला वेगळा उजेड मिळतो. यांत्रिक शटरवर या. तरीही पट्टे राहिले तर शटर १/१०० किंवा १/५० ला आणा, ६० हर्ट्झच्या भागात १/१२५ किंवा १/६०. तेवढ्या शटरला चालणारा माणूस हलणार, हे उघड आहे. तेव्हा अशा दिव्याखाली उभी असलेली, वाट बघणारी, खिडकीशी बसलेली माणसं शोधा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो लुकलुकण्याचा उजळ क्षण साधून शटर उघडतो, त्यात वेगवान शटरही निभतं, फक्त बटण आणि फोटो यांत किंचित उशीर जाणवतो.

पूर्ण मॅन्युअल कधी सोडायचं

सगळं हाताने केलं तरच ते खरं, असं मी मानत नाही. बाजारावर फाटकी छपरं असतात, त्यांतून उन्हाच्या तिरिपी येतात, तीन पावलांवर प्रकाश चार स्टॉपने बदलतो. तिथे खटके मोजत बसण्यात अर्थ नाही. ॲपर्चर एफ/८ आणि शटर १/५०० हाताने लावा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि त्याची वरची मर्यादा ६४०० ठेवा. मीटर पुन्हा कामाला लागल्यामुळे पांढऱ्या सदऱ्याची भानगडही परत येते, त्यावर इलाज कॉम्पेन्सेशनचा. मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ असताना बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत ती डायल चालते. अशा जागी ती -२/३ वर ठेवली की उन्हाच्या तिरिपीत आलेला चेहरा सहसा उडत नाही. मोकळ्या रस्त्यावर परत आलात की आयएसओ ८०० ला बांधा, डायल शून्यावर आणा आणि तळहातावरून माप नव्याने घ्या. तोवर ऊन बरंच सरकलेलं असतं.